वाचक विचारतात : मराठीच्या वाटेने जपानीकडे

जपानी भाषा आणि संस्कृती यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी सांगलीला शाळेत मराठी शिकवत होते; आता निवृत्त आहे. वय 62. नोकरीसाठी नव्हे, केवळ हौस म्हणून जपानी शिकावी असे फार दिवस मनात आहे. परंतु मिळतील ती पुस्तके इंग्रजीतून समजावणारी आहेत आणि माझे इंग्रजी बेताचे आहे. हा नाद सोडून द्यावा का?

उत्तर : मुळीच सोडू नये. इंग्रजी बेताचे असणे ही आपल्याला वाटते तेवढी मोठी अडचण नाही, कारण त्या पुस्तकांची निम्मी पाने इंग्रजी वाचकाला ज्या गोष्टी पटवून देण्यात खर्ची पडलेली असतात, त्या गोष्टी आपण लहानपणापासून नकळत करत आलो आहोत. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते. विभक्तीचे काम करणारे शब्द नामाच्या नंतर येतात : ‘तोक्यो कारा ओसाका मादे’ म्हणजे ‘तोक्योपासून ओसाकापर्यंत’, आणि त्यात ‘कारा’ जिथे आहे तिथेच आपले ‘पासून’ आहे, ‘मादे’ जिथे आहे तिथेच ‘पर्यंत’. ‘मी काल वाचलेले पुस्तक’ हे ‘वाताशी गा किनोऽ योन्दा होन’ असे होते. ‘मी’, ‘काल’, ‘वाचलेले’, ‘पुस्तक’ हा क्रम तसाच राहतो. इंग्रजी बोलणाऱ्याला यासाठी आधी पुस्तक मांडून मग मागे वळून यावे लागते, म्हणून त्याला हा धडा अवघड वाटतो.

खरी मौज संयुक्त क्रियापदांत आहे. ‘ताबेते’ म्हणजे ‘खाऊन’ आणि ‘मिरु’ म्हणजे ‘पाहणे’. ‘ताबेते मिरु’ म्हणजे ‘खाऊन पाहणे’, आणि तेही आपल्यासारखेच चव घेऊन पाहण्याच्या अर्थाने, कारण डोळ्यांचा त्यात काही संबंध नाही. ‘ओकु’ म्हणजे ‘ठेवणे’, म्हणून ‘कात्ते ओकु’ म्हणजे पुढे लागेल म्हणून ‘विकत घेऊन ठेवणे’. ‘शिमाउ’ म्हणजे ‘आवरून ठेवणे’. ते जोडले की काम पुरते झाले, किंवा नको असताना होऊन गेले, असा भाव येतो, आणि आपण ‘खाऊन टाकले’ आणि ‘करून बसलो’ अशी जी छटा दाखवतो ती जपानी माणूस या एकाच क्रियापदावर भागवतो. मी स्वतः हे प्रकरण प्रथम इंग्रजी पुस्तकातून शिकलो, दोन आठवडे तक्ते पाठ केले, आणि एके दिवशी स्वयंपाकघरातून ‘मीठ घालून बघ गं जरा’ हे वाक्य कानावर पडले तेव्हा ते सगळे तक्ते मिटून ठेवले.

उच्चारांतही मराठी माणसाला एक जास्तीची सोय आहे. आपल्याकडे ‘च’ दोन आहेत : ‘चिमणी’तला आणि ‘चुली’तला. जपानीतही दोन्ही आहेत, आणि तेही वाटून दिलेले. ‘चि’ नेहमी चिमणीतला, ‘त्सु’ नेहमी चुलीतला. ‘त्सुनामी’ हा शब्द वर्तमानपत्रांतून आपल्याकडे आला तेव्हा ‘त्स’ हे जोडाक्षर जिभेला जड गेले. प्रत्यक्षात चूल म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच ती टेकवायची असते. ‘जीव’ आणि ‘जसा’ यांतल्या दोन ‘ज’चीही हीच गोष्ट.

मात्र एका ठिकाणी आपली लिपी फसवते. जपानीत ऱ्हस्व-दीर्घ भेदाने अर्थ बदलतो आणि देवनागरीत ‘ए’ आणि ‘ओ’ यांना ऱ्हस्व-दीर्घ अशी जोडी नाही. ‘कोको’ म्हणजे ‘इथे’ आणि ‘कोऽकोऽ’ म्हणजे उच्च माध्यमिक शाळा. अवग्रह (ऽ) दिला नाही तर दोन्ही सारखीच दिसतात. ‘ओबासान’ म्हणजे मावशी, काकू, आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी, तेव्हा समोरच्या बाईंना हाक मारताना ही मात्रा अंमळ जपून मोजावी. ‘मात्रा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. जपानी छंद अक्षरे मोजत नाही, मात्रा मोजतो : दीर्घ स्वराच्या दोन, शेवटच्या अनुनासिकाची स्वतंत्र एक. ‘तोऽक्योऽ’ दोन अक्षरांचे वाटते, पण ते चार मात्रांचे आहे. हायकूचे पाच-सात-पाच हे याच हिशेबाने असते. शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठीत रुजली, पण तिची मूळ मोजणी आर्या आणि पादाकुलक शिकवलेल्या शिक्षिकेला जितकी चटकन कळेल तितकी इतरांना कळणार नाही.

सुरुवात हिरागाना लिपीपासून करावी. मूळ अक्षरे 46 आहेत आणि त्यांचा क्रम पाहून आपण चकित व्हाल : आ, इ, उ, ए, ओ, आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व यांच्या ओळी. आज जिथे ‘ह’ आहे तिथे प्राचीन जपानीत ‘प’ होता आणि ‘स’च्या जागी बहुधा ‘च’सारखा उच्चार होता, हे ध्यानात घेतले की क-च-त-न-प-म-य-र-व अशी आपली वर्णमालाच समोर उभी राहते. हा योगायोग नव्हे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला आणि त्या अभ्यासातून जपानी अक्षरांची ही मांडणी घडली. 804 साली चीनला गेलेला आणि 806 साली परतलेला कूकाइ हा भिक्षू त्या परंपरेतले सर्वांत मोठे नाव. जपानी स्मशानांत थडग्यांमागे उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर आजही सिद्धम् अक्षरे लिहिलेली दिसतात. त्या फळीचे नाव ‘सोतोबा’ हे ‘स्तूप’ शब्दाचेच जपानी रूप आहे. आज तोक्योतला शाळकरी मुलगा शब्दकोश उघडतो तो पाणिनीच्या देशातून गेलेल्या क्रमाने, आणि ही गोष्ट त्याला बहुधा ठाऊकही नसते.

प्रश्न : मी नाशिकला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. अ‍ॅनिमे पाहून मला बरेच जपानी संवाद पाठ झाले आहेत, पण वर्गात मी बोललो की शिक्षिका हसतात आणि ‘असे कुणाशी बोलू नकोस’ म्हणतात. शिवाय कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चिन्हे, कशी पाठ करावी? एकेका चिन्हाचे चार-चार उच्चार आहेत.

उत्तर : शिक्षिकांचे हसणे मनाला लावून घेऊ नका. ऐतिहासिक नाटके पाहून मराठी शिकलेला एखादा परदेशी माणूस बँकेत शिरून ‘कोण आहे रे तिकडे!’ म्हणाला तर आपणही हसू. अ‍ॅनिमेतला नायक स्वतःला ‘ओरे’ म्हणतो आणि समोरच्याला ‘ओमाए’. ही दांडगाईची, फार तर जिवलग मित्रांतली भाषा आहे. आपण सध्या स्वतःला ‘वाताशी’ म्हणा आणि समोरच्याला सर्वनामाऐवजी त्याच्या आडनावाला ‘सान’ लावून संबोधा. जपानीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ जितके टाळता येतील तितके बरे. अ‍ॅनिमे पाहणे थांबवू नका, कारण कान तयार करण्याचे काम ते उत्तम करते. फक्त तिथले उचलून इथे बोलू नका.

कांजीविषयी. एकाच चिन्हाचे दोन प्रकारचे उच्चार असतात, एक मूळ जपानी शब्दाचा आणि दुसरा चिनीतून आलेला, हे ऐकून घाबरायला होते. पण आपण ‘पाणी’ आणि ‘जल’ असे दोन शब्द बाळगतोच ना? एकटे असताना ‘पाणी द्या’ म्हणतो, समास करायचा झाला की ‘जलवाहिनी’, ‘जलशुद्धी’ म्हणतो. ‘पाणीवाहिनी’ कुणी म्हणत नाही. आता कल्पना करा की ‘पाणी’ आणि ‘जल’ या दोहोंसाठी लिहिण्याचे चिन्ह एकच आहे. जपानीत नेमके तेच झाले आहे. पाण्याचे चिन्ह एकटे आले की ‘मिझु’, आणि जोडशब्दात आले की ‘सुइ’, जसे नळाचे पाणी ‘सुइदोऽ’, शब्दशः ‘जलमार्ग’. डोंगराचे चिन्ह एकटे असताना ‘यामा’, आणि फुजी पर्वताच्या नावात ‘सान’. हा ‘सान’ माणसाच्या नावापुढे येणाऱ्या आदरार्थी ‘सान’चा कुणी नव्हे, जरी आपल्याकडे अनेकांना जपानी लोक पर्वताला ‘फुजीराव’ म्हणतात असे वाटते.

म्हणून उच्चारांची यादी घोकू नका, शब्द शिका. शब्द आला की उच्चार त्याच्या पाठोपाठ येतो. रोजच्या वापरासाठी शासनाने ठरवलेली चिन्हे 2136 आहेत, आणि त्यांपैकी 1026 शिकायला जपानी मूल प्राथमिक शाळेची सहा वर्षे घेते, तेव्हा आपण सहा महिन्यांचा हट्ट धरू नये. जपानी भाषा क्षमता परीक्षा पुण्यात आणि मुंबईत देता येते. एन-5 ही सर्वांत सोपी पातळी, एन-1 सर्वांत कठीण. एवढेच लक्षात ठेवा की त्या परीक्षेत बोलायचेही नसते आणि हाताने लिहायचेही नसते; एन-3 उत्तीर्ण झालेला पण रस्ता विचारताना घशाला कोरड पडणारा उमेदवार ही पुण्यात दुर्मीळ गोष्ट नाही.

प्रश्न : चाकण भागातील एका कारखान्यात मी नोकरी करतो. जपानहून तज्ज्ञ येतात, म्हणून थोडी जपानी शिकलो. बाहेरच्या जपानी कंपनीचा फोन आला असता मी आमच्या साहेबांचा उल्लेख ‘सान’ लावून, आदरार्थी क्रियापदाने केला. नंतर दुभाष्याने सांगितले की हे चुकले. वरिष्ठांना आदर देणे चूक कसे असेल? आणि समोरचा माणूस प्रत्येक वाक्याला ‘हाइ, हाइ’ म्हणत असताना शेवटी काम मात्र होत नाही, याचे काय?

उत्तर : आपल्या हातून जी चूक झाली ती मराठी माणसाकडूनच व्हावी अशी आहे, कारण इथवर उपयोगी पडलेले साम्य इथे आडवे येते. आपला आदर माणसाला चिकटलेला असतो. साहेब समोर असोत, घरी असोत किंवा परगावी असोत, ते ‘आले आहेत’, ‘गेले आहेत’. वडिलांविषयी परक्या माणसाशी बोलतानाही आपण ‘बाबा येतील’ असेच म्हणतो आणि ‘बाबा येईल’ म्हटले तर ऐकणारा दचकतो. जपानी आदर माणसाला नव्हे, जागेला चिकटलेला असतो. आतले आणि बाहेरचे, ‘उचि’ आणि ‘सोतो’, अशी रेघ दर वेळी नव्याने ओढली जाते. कार्यालयात आपसात बोलताना साहेब वरचे असतात, पण बाहेरच्याचा फोन आला की सगळे कार्यालय एका कुटुंबासारखे रेघेच्या आत येते, आणि आपल्या घरच्या माणसाचा मोठेपणा पाहुण्यापुढे सांगायचा नसतो. म्हणून तिथे ‘तानाका वा इमा गाइशुत्सु शिते ओरिमासु’ असे म्हणतात, म्हणजे ‘तानाका आत्ता बाहेर गेला आहे’. ‘सान’ नाही, आणि ‘इरु’ या साध्या क्रियापदाऐवजी ‘ओरु’ हे लीनतेचे क्रियापद. हे तानाका कंपनीचे अध्यक्ष असले तरी वाक्य बदलत नाही. घरातही तसेच : आईला हाक मारायची ती ‘ओकाऽसान’, पण परक्यापाशी तिचा उल्लेख ‘हाहा’.

आपल्याला हे अगदीच अनोळखी वाटू नये म्हणून मराठीतलेच एक उदाहरण देतो. आहेर देताना आपण ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणतो, आणि आपले ते कमी लेखतो. जपानीतही भेट देताना ‘त्सुमारानाइ मोनो देसु गा’, म्हणजे ‘क्षुल्लक वस्तू आहे, पण’, असे म्हणण्याची रीत आहे, जरी आता ती थोडी जुनी वाटू लागली आहे. आपण हा संकोच आहेरापुरता ठेवला. जपानीने त्याचे स्वतंत्र व्याकरण केले. फोनवर साहेबांना ‘पाकळी’ समजा, म्हणजे चूक होणार नाही. साहेबांना मात्र हे उदाहरण सांगू नका.

‘हाइ’ हे होकारार्थी असते, पण बोलण्याच्या ओघातले ‘हाइ’ म्हणजे कथा ऐकताना आपण देतो तो हुंकार : ऐकतो आहे, पुढे बोला. त्याला करार समजणे हा आपला घाईपणा. नकार जपानीत बहुधा तोंडभरून दिला जात नाही. ‘चोत्तो...’ म्हणजे ‘जरासे...’ एवढे म्हणून वाक्य अर्धे सोडले, किंवा ‘केन्तोऽ शिमासु’, म्हणजे ‘विचार करतो’, असे सांगितले की बहुतेक वेळा उत्तर मिळालेले असते. स्थळ पाहून आल्यावर मुलाकडचे ‘कळवतो’ म्हणतात तेव्हा आपण काय समजायचे ते समजतोच की.

प्रश्न : कोल्हापुरात प्रत्येक पुस्तकाच्या दुकानात ‘इकिगाइ’ दिसते. चार वर्तुळांची ती आकृती आमच्या कार्यालयातल्या प्रशिक्षणातही दाखवली. जपानी लोक खरोखर असा विचार करतात का?

उत्तर : शब्द अस्सल आहे, आकृती नाही. आवड, कौशल्य, जगाची गरज आणि मिळणारा पैसा अशी ती चार वर्तुळे आधी निराळ्या शब्दाभोवती प्रचलित होती. 2014 मध्ये इंग्रजीत लिहिणाऱ्या एकाने मधला शब्द बदलून तिथे ‘इकिगाइ’ घातला, आणि ती जगभर गेली. जपानी आजीला तिचा इकिगाइ विचारला तर ती नातवंडांचे किंवा परसातल्या भाजीच्या वाफ्यांचे नाव घेईल, आणि त्यासाठी पैसे किती मिळतात हे विचारल्यास आपल्याकडे नवलाने पाहील.

‘इकि’ म्हणजे जगणे आणि ‘गाइ’ म्हणजे त्याचे मोल, सार्थक. हाच ‘गाइ’ इतर क्रियांनाही लागतो. ‘यारिगाइ’ म्हणजे ‘करण्यातले सार्थक’. या शब्दाचा गंभीर विचार वाचायचा असेल तर मनोविकारतज्ज्ञ मिएको कामिया यांनी 1966 साली त्यावर लिहिले. ओकायामा प्रांतातील नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णालयात त्या काम करत होत्या. तिथल्या माणसांचे घर, नाव, व्यवसाय सगळे सुटलेले होते. रुग्णांना वेगळे ठेवण्याचा तो कायदा जपानने 1996 मध्येच रद्द केला. अशा एकाच परिस्थितीत काहींना जगणे पोकळ वाटते आणि काहींना वाटत नाही, हे कशामुळे, असा त्यांचा प्रश्न होता. आनंदवन ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न चार वर्तुळांपेक्षा जवळचा वाटेल असे मला वाटते. ज्या प्रशिक्षणात नोकरीतला उत्साह वाढवण्यासाठी ती आकृती दाखवतात, तिथे या बेटाचा उल्लेख होत नाही, यात नवल नाही.

प्रश्न : जपानमध्ये गणपती, सरस्वती यांची देवळे आहेत, म्हणजे जपानी संस्कृती मूळची आपलीच आहे, असा संदेश रत्नागिरीतल्या आमच्या गटात फिरत आहे. तो खरा का?

उत्तर : पूर्वार्ध खरा, उत्तरार्ध नव्हे. सरस्वती तिथे बेन्झाइतेन झाली, तिच्या हाती वीणेऐवजी ‘बिवा’ हे वाद्य आहे, आणि पाण्याशी असलेले तिचे नाते टिकून तिची प्रसिद्ध स्थाने एनोशिमासारख्या बेटांवर आहेत. गणपती ‘कान्गितेन’ किंवा ‘शोऽतेन’ या नावाने आहे, पण तो आपल्या ओळखीचा नाही : बहुधा एकमेकांना आलिंगन दिलेल्या दोन गजमुखी मूर्ती, आणि त्याही पडद्याआड, भाविकांच्या दृष्टीस न पडणाऱ्या. तोक्योच्या आसाकुसा भागातील त्याच्या देवळात भाविक चक्क पांढरा मुळा वाहतात. मिरवणूक नाही, विसर्जन नाही. एक गोष्ट मात्र कोकणातल्या वाचकाला सांगितलीच पाहिजे : त्याच्या नैवेद्याची ‘कान्किदान’ नावाची मिठाई क्योतोत आजही मिळते. आत ‘अझुकी’ या लाल कडधान्याचे गोड पुरण, वर कळ्या पाडून मिटलेले तोंड, आणि तिळाच्या तेलात तळलेली. तळणीच्या मोदकाशी तिचे नाते कुणी समजावून सांगावे लागत नाही.

हे सारे बौद्ध धर्माबरोबर, चीनमार्गे, कित्येक शतकांत गेले. नारा येथील तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी 752 साली बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला, हा इतिहास आहे. पण गेलेल्या गोष्टीचे तिथे जे झाले ते जपान्यांनी केले. बेन्झाइतेनपुढे हात जोडणारा माणूस परक्या देशाच्या देवतेला नमस्कार करतो आहे असे त्याला वाटत नाही. बटाटा, मिरची आणि टोमॅटो अमेरिका खंडांकडून आले म्हणून तिथला कुणी आपल्या वड्यावर हक्क सांगू लागला तर आपण काय म्हणू, ते त्या गटाला विचारून पाहावे.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचे शाकाहारी दांपत्य जपानला जाणार आहोत. भाषा येत नाही. उपाशी राहू का?

उत्तर : राहणार नाही, पण अडचण मांसाची नसून रश्शाची आहे, हे आधी समजून घ्यावे. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ हा अर्क आहे आणि तो बहुधा ‘कात्सुओ’ माशाच्या वाळवलेल्या चकत्यांचा असतो. मिसो सूपमध्ये मासा दिसत नाही, पण असतो. शिजवलेल्या भाज्यांतही असतो. नुसते ‘शाकाहारी’ म्हटल्याने हा अर्क वगळला जाईलच असे नाही. बौद्ध मठांचे ‘शोऽजिन र्‍योऽरि’ हे जेवण खात्रीचे. त्यात समुद्री शेवाळ आणि सुके मश्रूम यांची दाशी असते, आणि परंपरेने कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यालाही चालावे. कोयासान येथील मठांत मुक्काम करून ते जेवता येते. भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचून ठेवू नयेत. तसा भात तिथे मृताच्या उशाशी ठेवतात.

इतर ठिकाणी विचारण्यासाठी एकच वाक्य कागदावर लिहून न्यावे : ‘कात्सुओ-दाशी नो हाइत्ते इनाइ मोनो वा आरिमासु का?’ पाठ करताना मराठी क्रमानेच करावे, कारण ‘कात्सुओ-दाशी’ तेच, ‘हाइत्ते इनाइ’ म्हणजे ‘आत नसलेले’, ‘मोनो’ म्हणजे ‘पदार्थ’, ‘आरिमासु’ म्हणजे ‘आहे’, आणि शेवटचा ‘का’ म्हणजे आपला ‘का’च.